कोलेस्टेरॉलची गोळी आणि कष्टकऱ्याचे पाय

मालवण, कुडाळ, वेंगुर्ला, देवगड या भागातील वाड्यांतून हिंडताना अलीकडे एक तक्रार आमच्या कानांवर वारंवार येते. "साखरेच्या गोळयेचा काय नाय, पण ती रातची कोलेस्टेरॉलची गोळी सुरू झाली आणि पाय दुखूक लागले. म्हणान मीच बंद केलंय." असे सांगणारी कधी आंब्याच्या बागेत मजुरी करणारी भगिनी असते, कधी चिरेखाणीवर आयुष्य काढलेला बांधव असतो, तर कधी मुंबईची नोकरी आटोपून गावी परतलेला चाकरमानी असतो. त्यात एखादा शिकलेला भाचा सुट्टीत घरी येतो आणि सांगतो, "मामा, या गोळीने पेशीतले वीजघर बंद पडते." झाले! उरलेली पाकिटे कपाटात जातात.

या बोलण्यात थोडे खरे आहे आणि बरेचसे अर्धवट आहे. अर्धवट माहितीवर निर्णय घेतला की त्याची किंमत घरातल्या कमावत्या माणसाला मोजावी लागते, म्हणूनच हा लेखप्रपंच. आम्ही डॉक्टर नाही. परंतु जगभरच्या तज्ज्ञांनी जे प्रसिद्ध केले आहे ते जमाखर्चाच्या वहीसारखे दोन्ही बाजूंनी मांडून वाचकांपुढे ठेवणे आम्हाला शक्य आहे. आपले घर आपल्या हातापायांवर चालते. तेव्हा पायांतल्या दुखण्याची चौकशी करणे ही चैन म्हणता येणार नाही.

आजार आपल्या उंबरठ्यावर

मधुमेह हा श्रीमंतांचा आजार, हा समज आता सोडून द्यावा. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि मद्रास डायबेटिस रिसर्च फाउंडेशन यांनी २००८ ते २०२० या काळात देशभरातील १ लाख १३ हजार प्रौढांची तपासणी केली. तिचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. देशात शंभर प्रौढांमागे ११.४ जणांना मधुमेह असून, एकूण रुग्णांचा अंदाज १० कोटी १० लाख इतका आहे. सर्व राज्यांत पहिला क्रमांक कोणाचा? आपल्या शेजारच्या गोव्याचा. तेथे हे प्रमाण शंभरात २६.४ आढळले. तेरेखोलची खाडी ओलांडली की गोवा. आपले खाणेपिणे तेच, नोकरीधंद्याच्या निमित्ताने जाणे-येणे रोजचे. त्यामुळे सिंधुदुर्गाने निश्चिंत राहण्याचे कारण नाही.

"पण मी तर बारीक आहे, मला साखर कशी?" हा दुसरा प्रश्न. याचे उत्तर पुण्यातील के.ई.एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी शोधले. २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचे आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे छायाचित्र शेजारी शेजारी छापून आले. उंची आणि वजन यांवरून काढलेला निर्देशांक दोघांचा अगदी सारखा, २२.३. मात्र युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के! बाहेरून बारीक आणि आतून चरबी, अशी आपली भारतीयांची ठेवण. पुणे जिल्ह्यातील खेड्यांत याज्ञिकांच्या पथकाने नवजात बालके मोजली. त्यांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो भरले. इंग्लंडच्या साउदॅम्प्टन शहरातील बालकांचे सुमारे ३.५ किलो होते. आपल्या बाळांचे वजन कमी होते, स्नायू कमी होते, पण चरबी त्या मानाने शाबूत होती. आईच्या पोटातील उपासमारीचा आणि पुढच्या मधुमेहाचा असा संबंध आहे. ज्या समाजाच्या पिढ्यान् पिढ्या अर्धपोटी राहिल्या, त्याने हे विशेष लक्षात ठेवावे.

साखरेच्या रोग्याला कोलेस्टेरॉलची गोळी कशासाठी?

अनेकांना वाटते की रक्ताच्या अहवालात कोलेस्टेरॉल फारसे वाढलेले नसताना ही गोळी डॉक्टर उगाच माथी मारतात. तसे नाही. मधुमेहात रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला इजा होत राहते. तेथे एलडीएल नावाचे कोलेस्टेरॉल, ज्याला बोलीत 'वाईट कोलेस्टेरॉल' म्हणतात, ते साचते. वाहिनी अरुंद होते, एखाद्या दिवशी साचलेला थर फुटतो, गुठळी धरते आणि हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात होतो. मधुमेही माणूस नुसत्या साखरेने क्वचित दगावतो. तो हृदयाने, मेंदूने किंवा मूत्रपिंडाने दगावतो.

याचा हिशेब ब्रिटन व आयर्लंडमधील 'कार्ड्स' या अभ्यासाने २००४ साली दिला. ४० ते ७५ वयाचे २८३८ मधुमेही निवडले. कोणालाही आधी हृदयविकार नव्हता आणि कोलेस्टेरॉलही फार वाढलेले नव्हते. निम्म्या लोकांना रोज १० मिलिग्रॅम ॲटोर्व्हास्टॅटिन दिले, उरलेल्यांना तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी दिली. सुमारे चार वर्षांत बिनऔषधी गोळीवाल्यांपैकी १२७ जणांना हृदयविकार, पक्षाघात यांसारखा मोठा प्रसंग ओढवला. औषधवाल्यांत हा आकडा ८३ होता. म्हणजे ३७ टक्क्यांनी घट. पक्षाघात तर जवळजवळ निम्म्यावर आला. फायदा इतका स्पष्ट दिसला की अभ्यास ठरल्यापेक्षा दोन वर्षे आधीच थांबवण्यात आला.

पक्षाघाताने एक हात आणि एक पाय गेलेला गवंडी पुन्हा पहाडावर चढत नाही. त्याच्या मुलीचे शिक्षण थांबते आणि पत्नीच्या मजुरीवर घर येते. जमेची बाजू मांडताना ही रक्कम विसरू नये.

भाताच्या बुरशीतून आलेले औषध

या गोळ्यांच्या नावाच्या शेवटी 'स्टॅटिन' असते. ॲटोर्व्हास्टॅटिन, रोसुव्हास्टॅटिन, सिम्व्हास्टॅटिन अशी त्यांची नावे. पाकिटावर कंपनीचे नाव मोठ्या अक्षरांत असते, त्याच्या खालचे हे बारीक नाव वाचायची सवय लावून घ्यावी.

त्यांचा जन्म जपानात झाला. शेतकरी कुटुंबात वाढलेल्या अकिरा एंडो या शास्त्रज्ञाने सुमारे सहा हजार बुरशींचे नमुने तपासले. १९७३ साली क्योटो शहरातील धान्याच्या दुकानातून आलेल्या तांदळावरील निळसर हिरव्या बुरशीत त्यांना कोलेस्टेरॉल रोखणारे द्रव्य सापडले. आपल्या घरी पावसाळ्यात तांदळाला बुरशी धरते, त्याच जातकुळीची ही गोष्ट. पुढे १९८७ साली अमेरिकेत पहिल्या स्टॅटिनला विक्रीची परवानगी मिळाली. एंडो २०२४ साली वारले.

मधुमेहावर आज सर्रास दिल्या जाणाऱ्या मेटफॉर्मिन या गोळीचा माणसांवरील पहिला अहवाल १९५७ सालचा आहे. येथे एक गोष्ट मनाला चटका लावते. परमपूज्य बाबासाहेबांना मधुमेहाने ग्रासले होते. पायांच्या वेदना आणि मंदावलेली दृष्टी सोसत त्यांनी अखेरपर्यंत लेखन केले. ६ डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे महापरिनिर्वाण झाले, तेव्हा आपल्या देशातील रुग्णांच्या हाती ही दोन्ही औषधे नव्हती. आज ती सरकारी दवाखान्यात आणि जनऔषधी दुकानात परवडणाऱ्या दरात मिळू शकतात. मिळत असताना अफवेवरून ती टाकून देणे कितपत शहाणपणाचे?

पेशीतले वीजघर

आता भाच्याच्या मुद्द्याकडे वळू. शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात मुलांनी 'तंतुकणिका' वाचली असेल. इंग्रजीत तिला मायटोकॉन्ड्रिया म्हणतात. आपले शरीर असंख्य पेशींचे बनलेले आहे आणि बहुतेक पेशींत या सूक्ष्म कणिका असतात. हृदय आणि स्नायू यांच्या पेशींत त्या फार मोठ्या संख्येने असतात, कारण तेथे काम जास्त. आपण खाल्लेला भात, मासळी, तेल यांचे पचन होऊन जे इंधन बनते, ते श्वासातून आलेल्या प्राणवायूच्या साहाय्याने या कणिका जाळतात आणि त्यातून एटीपी नावाचे ऊर्जेचे चलन तयार करतात. रापणीची दोरी ओढा, चिरा उचला किंवा नुसता श्वास घ्या, खर्च याच चलनात होतो.

स्टॅटिन या वीजघराला कोठे स्पर्श करते? यकृतात कोलेस्टेरॉल तयार होण्याची एक साखळी आहे. तिच्या सुरुवातीच्या टप्प्यावरील एका विकराला म्हणजे एन्झाइमला स्टॅटिन अडवते. यकृतातले कोलेस्टेरॉल कमी पडले की यकृत रक्तातले एलडीएल ओढून घेते आणि रक्त स्वच्छ होते. हा झाला फायदा. परंतु त्याच साखळीला पुढे एक फाटा फुटतो आणि त्यातून 'कोएन्झाइम क्यू-१०' नावाचे द्रव्य बनते. तंतुकणिकांच्या आत ऊर्जा बनवताना हे द्रव्य हमालासारखे इलेक्ट्रॉन वाहून नेते. पाटाचे पाणी वरच्या मळ्याशी अडवले की खालच्या दोन्ही मळ्यांना कमी पोहोचणार. तशातला हा प्रकार आहे.

प्रत्यक्ष स्नायूंत काय दिसले? २०१३ साली डेन्मार्कमधील कोपनहेगनच्या संशोधकांनी सिम्व्हास्टॅटिन घेणाऱ्या १० रुग्णांच्या मांडीतील स्नायूचा कण काढून तपासला आणि न घेणाऱ्या ९ जणांशी ताडून पाहिला. औषध घेणाऱ्यांच्या तंतुकणिकांची ऊर्जा बनवण्याची क्षमता कमी आढळली. त्याच वर्षी अमेरिकेतील मिसुरी विद्यापीठाने बैठ्या सवयीच्या, वजन वाढलेल्या ३७ जणांकडून बारा आठवडे व्यायाम करून घेतला. नुसता व्यायाम करणाऱ्यांचा दम १० टक्क्यांनी वाढला. व्यायामासोबत ४० मिलिग्रॅम सिम्व्हास्टॅटिन घेणाऱ्यांचा फक्त दीड टक्क्याने वाढला. तंतुकणिकांचे काम दाखवणारे एक एन्झाइम पहिल्या गटात १३ टक्के वाढले, तर दुसऱ्यात साडेचार टक्के घटले.

म्हणजे भाचा अगदीच खोटे बोलत नव्हता. खर्चाच्या बाजूला ही नोंद प्रामाणिकपणे घातलीच पाहिजे. मात्र हे अभ्यास थोड्या माणसांवरचे, थोड्या आठवड्यांचे आणि बहुतांशी एकाच औषधाचे आहेत. स्नायूच्या एका कणात दिसलेला बदल म्हणजे माणूस अंथरुणाला खिळला असे होत नाही.

मधुमेहात वीजघर आधीच बिघडलेले असते काय?

असा तर्क केला जातो की मधुमेह्याचे वीजघर मुळातच अधू, त्यात ही गोळी म्हणजे दुष्काळात तेरावा महिना. या तर्काला एक आधार आहे. २००४ साली अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या संशोधकांना मधुमेह्यांच्या तरुण, बारीक, पण इन्सुलिनला दाद न देणाऱ्या मुलांच्या स्नायूंत तंतुकणिकांचे काम सुमारे ३० टक्के कमी दिसले.

परंतु आपल्या लोकांची तपासणी झाली तेव्हा निराळेच चित्र पुढे आले. अमेरिकेच्या मेयो क्लिनिकमधील डॉ. श्रीकुमारन नायर यांच्या पथकाने १३ मधुमेही भारतीय, १३ मधुमेह नसलेले भारतीय आणि उत्तर युरोपीय वंशाचे १३ निरोगी अमेरिकन यांची तुलना २००८ साली प्रसिद्ध केली. भारतीय इन्सुलिनला कमी दाद देत होते. तरीही त्यांच्या स्नायूंतील तंतुकणिकांची एटीपी बनवण्याची क्षमता अमेरिकनांपेक्षा जास्त निघाली, आणि मधुमेही भारतीयही त्यात मागे नव्हते! वीजघर बिघडले म्हणून मधुमेह झाला, हे सरसकट म्हणता येत नाही, असा याचा अर्थ. खप कमी आणि इंधनाचा साठा जास्त, हे आपले मुख्य दुखणे दिसते. शिवाय रोजच्या मेटफॉर्मिनचा परिणामही यकृतातील तंतुकणिकांवर होतो असे संशोधक मानतात, आणि ती गोळी तर साठ वर्षांहून अधिक काळ रुग्णांच्या उपयोगी पडत आली आहे. तेव्हा 'वीजघराला हात लावते' एवढ्यावरून कोणतेही औषध वाईट ठरवू नये.

दुखणे गोळीचे किती?

येथे मोठ्या संख्येचे अभ्यास कामी येतात. २०२२ साली ऑक्सफर्डच्या संशोधकांनी १९ चाचण्यांतील सुमारे १ लाख २४ हजार लोकांची नोंद एकत्र केली. या चाचण्यांत कोणाला खरी गोळी आहे हे रुग्णालाही ठाऊक नव्हते आणि डॉक्टरलाही. सरासरी चार वर्षांत स्टॅटिनवाल्यांपैकी २७.१ टक्के लोकांनी स्नायू दुखत असल्याचे सांगितले. बिनऔषधी गोळीवाल्यांपैकी सांगणारे होते २६.६ टक्के. जादा त्रास मुख्यतः पहिल्या वर्षी दिसला, आणि तक्रार करणाऱ्या दर पंधरा जणांपैकी सुमारे एकाचेच दुखणे खरोखर गोळीमुळे होते. उरलेल्या चौदांचे दुखणे वयाचे, कामाचे किंवा दुसऱ्या आजाराचे होते.

लंडनमध्ये झालेला 'सॅमसन' नावाचा प्रयोग तर फार बोलका आहे. त्रास झाला म्हणून स्टॅटिन सोडलेल्या ६० जणांना बारा बाटल्या देण्यात आल्या. चार महिने स्टॅटिनचे, चार महिने बिनऔषधी गोळीचे आणि चार महिने रिकाम्या बाटलीचे, असा उलटसुलट क्रम होता. रोज त्रासाला शंभरपैकी गुण द्यायचे. रिकाम्या बाटलीच्या महिन्यांत सरासरी ८ गुण, बिनऔषधी गोळीच्या महिन्यांत १५.४ आणि स्टॅटिनच्या महिन्यांत १६.३ गुण पडले. म्हणजे त्रास खरा होता, पण त्यातला नव्वद टक्के वाटा 'गोळी घेतली' या भावनेतून येत होता. २०२० साली हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. स्वतःचा तक्ता पाहिल्यावर त्यांतील निम्म्या लोकांनी गोळी पुन्हा सुरू केली.

याचा अर्थ "तुमचे दुखणे मनाचे खेळ आहेत" असे कोणी रुग्णाला ऐकवावे असा मुळीच नाही. पंधरातला तो एक आपल्या घरातला असू शकतो. जबर दुष्परिणामही जगाने पाहिले आहेत. सेरिव्हास्टॅटिन नावाची या जातीची एक गोळी स्नायू वितळून मृत्यू झाल्यामुळे २००१ साली बाजारातून काढून घ्यावी लागली. आजच्या गोळ्यांनी तसे होणे अत्यंत दुर्मीळ आहे, पण अशक्य नाही.

साखरेचाही हिशेब सांगितला पाहिजे. स्टॅटिनने रक्तातील साखर किंचित वाढू शकते. २०१० साली ९१ हजार लोकांच्या एकत्रित नोंदीतून असे दिसले की २५५ जणांनी चार वर्षे ही गोळी घेतली तर एकाला जादा मधुमेह होतो. ज्याला मधुमेह आहेच त्याची साखर थोडी वर सरकली, तर आहार आणि औषधात फेरफार करून ती आवरता येते. हृदयविकाराचा झटका मात्र मागे घेता येत नाही.

कोणते दुखणे कशाचे?

वाचक भगिनींनी हा भाग कापून ठेवावा.

गोळीचे दुखणे बहुधा दोन्ही बाजूंना सारखे असते. मांड्या, कंबर, खांदे, पोटऱ्या जड होतात, बसल्यावर उठवत नाही, जिना चढवत नाही. गोळी सुरू केल्यावर किंवा तिची मात्रा वाढवल्यावर काही आठवड्यांत ते सुरू होते.

तळपायांची आग होणे, मुंग्या येणे, रात्री जास्त त्रास होणे, चप्पल पायातून निसटली तरी न कळणे, ही लक्षणे मधुमेहाने नसांना झालेल्या इजेची आहेत. मेटफॉर्मिन बरीच वर्षे घेतल्याने शरीरातील जीवनसत्त्व बी-१२ कमी होऊनही मुंग्या येतात. त्याची रक्ततपासणी करता येते.

चालताना पोटरीत गोळा येणे आणि थांबल्यावर तो जाणे, हे पायाची रक्तवाहिनी अरुंद झाल्याचे लक्षण असू शकते. अशा माणसाला तर स्टॅटिनची गरज अधिकच असते. गोळीने दुखते असे समजून तो ती बंद करतो, तेव्हा उपायालाच अपाय समजतो.

थायरॉइड मंद असेल किंवा ड जीवनसत्त्व कमी असेल तरी स्नायू दुखतात, आणि अशा वेळी स्टॅटिनचा त्रासही लवकर जाणवतो.

आपल्या जिल्ह्यासाठी एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. पावसाळ्यात शेतात, चिखलात काम केल्यानंतर ताप येऊन पोटऱ्या आणि अंग फार दुखत असेल, डोळे लाल झाले असतील, तर तो लेप्टो असू शकतो. दोडामार्ग-सावंतवाडी भागात २०१६ पासून माकडतापाचे रुग्ण आढळले आहेत. त्यातही ताप आणि तीव्र अंगदुखी असते. ताप असताना गोळीला दोष देत घरी बसू नये. त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे आणि आपण कोणकोणत्या गोळ्या घेतो ते तेथे सांगावे.

लघवी कोऱ्या चहासारखी काळपट होणे, त्यासोबत अंग असह्य दुखणे आणि शक्ती जाणे, ही धोक्याची घंटा आहे. येथे वाट पाहू नये. गोळी थांबवून तत्काळ रुग्णालयात जावे. 'सीपीके' या रक्ततपासणीतून स्नायूंना झालेली इजा कळते.

मग करायचे काय?

पहिली गोष्ट, काळपट लघवीसारखे संकट नसेल तर गोळी आपल्या मनाने बंद करू नये. दुखणे कधी सुरू झाले, कोठे आहे, कशाने वाढते, हे एका कागदावर लिहून डॉक्टरांना दाखवावे. डॉक्टर मात्रा कमी करू शकतात, एक स्टॅटिन बदलून दुसरे देऊ शकतात, काही दिवस थांबवून पुन्हा सुरू करून पाहू शकतात किंवा निराळ्या जातीचे औषध देऊ शकतात. आशियाई वंशाच्या लोकांच्या रक्तात रोसुव्हास्टॅटिनचे प्रमाण गोऱ्या लोकांपेक्षा जास्त चढते, म्हणून त्यांना लहान मात्रेने सुरुवात करण्याची सूचना अमेरिकेतील औषधपत्रकातही आहे. तेव्हा "मला कमी मात्रेत चालेल का?" असे विचारण्यात संकोच नको. डॉक्टरांपुढे खाली मान घालून 'होय साहेब' म्हणायचे आणि घरी येऊन पाकीट फेकायचे, यापेक्षा तोंडावर प्रश्न विचारणे केव्हाही चांगले.

दुसरी गोष्ट, क्लॅरिथ्रोमायसिनसारखी काही प्रतिजैविके आणि गजकर्णावर दिली जाणारी इट्राकोनॅझोलसारखी औषधे ॲटोर्व्हास्टॅटिन व सिम्व्हास्टॅटिनचे रक्तातील प्रमाण वाढवतात आणि स्नायूंना धोका पोहोचवतात. सर्दी-खोकल्यासाठी दुसऱ्या डॉक्टरकडे किंवा औषधाच्या दुकानात जाताना चालू गोळ्यांची पाकिटे सोबत न्यावीत. दिवस गेले असतील किंवा मूल हवे असेल त्या भगिनींनी ही गोळी घेत असल्याचे डॉक्टरांना लगेच सांगावे.

तिसरी गोष्ट, 'वीजघराची ताकद' म्हणून क्यू-१० च्या महाग कॅप्सूल घेण्याची घाई करू नये. स्टॅटिनच्या दुखण्यावर त्यांचा खात्रीलायक उपयोग सिद्ध झालेला नाही. अमेरिकन हृदयतज्ज्ञांच्या २०१८ सालच्या मार्गदर्शनातही त्या सरसकट घेऊ नयेत असे म्हटले आहे. त्याच पैशांत घरात चार दिवसांचे बांगडे येतील.

चौथी गोष्ट, चालणे सोडू नये. तंतुकणिकांची संख्या आणि ताकद वाढवणारा सर्वांत खात्रीचा उपाय शारीरिक हालचाल हाच आहे, आणि तो फुकट आहे. नेदरलँड्समधील नायमेखन येथे दर वर्षी चार दिवसांची पदयात्रा असते. तेथे रोज ३० ते ५० किलोमीटर चालणाऱ्या सुमारे १०० जणांचा अभ्यास २०२३ साली प्रसिद्ध झाला. स्टॅटिन घेणाऱ्यांच्या स्नायूंना न घेणाऱ्यांपेक्षा जास्त इजा झालेली दिसली नाही, आधी पाय दुखत होते त्यांनाही नाही. आपल्याला रोज अर्धा-पाऊण तास पुरे. काम कष्टाचे असेल तर वेगळे चालण्याची गरज कमी. पण निवृत्त होऊन गावी आलेल्यांनी दिवसभर पडवीत बसून राहू नये.

पाचवी गोष्ट, ताटाची. गोळी घेतली म्हणून ताट मोकळे सुटत नाही. भाताचा ढीग कमी करून कुळथाची पिठी, उसळ आणि पालेभाजी वाढवावी. बांगडा आणि तारली ही गरिबांची मासळी उत्तम आहे, मात्र ती तळण्यापेक्षा तिखल्यात किंवा कालवणात खावी. खोबऱ्यातील चरबी एलडीएल वाढवणारी असल्यामुळे वाटप हात राखून घालावे. सुक्या खारवलेल्या मासळीतले मीठ रक्तदाब वाढवते. तंबाखू आणि दारू यांना तर घरात जागाच नको. एक रक्तवाहिन्या खराब करते, दुसरी यकृत आणि स्नायू दोन्ही.

जमाखर्चाची शेवटची बाकी काढली तर ती अशी निघते. स्टॅटिनचा तंतुकणिकांवर परिणाम होतो हे खरे. तो बहुतेकांना जाणवतही नाही, काहींना जाणवतो आणि त्यावर उपाय करता येतो. मधुमेही माणसाला या गोळीने मिळणारे संरक्षण त्याहून कितीतरी मोठे आहे. ऐकीव गोष्टीवर विश्वास न ठेवता तपासून पाहावे, ही शिकवण आपल्याला नवी नाही.

आमची एकच विनंती आहे. या रविवारी वंदनेनंतर दहा मिनिटे काढावीत. वाडीतल्या ज्यांना मधुमेह आहे त्यांनी आपापल्या गोळ्यांची पाकिटे घेऊन यावे आणि दहावी-बारावीला असलेल्या मुलामुलींनी पाकिटावरील बारीक नावे वाचून प्रत्येकाला एका कागदावर लिहून द्यावीत. ज्यांनी गोळी बंद केली आहे त्यांची नावे वेगळी काढावीत आणि त्यांना सोबत करून त्याच आठवड्यात दवाखान्यात न्यावे. बुडलेला रोज पुढच्या आठवड्यात भरून निघेल, लुळा पडलेला हात भरून निघणार नाही.